घंटेचं उत्तर

“बोट दाबू नकात, मधूकाका. नुसता टेकून ठेवा.”

मैथिलीने हे तिसऱ्यांदा सांगितलं आणि तिसऱ्यांदाही मी बोट दाबूनच धरलं. कातळीच्या धक्क्यावर, तिकिटाच्या खोलीबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो होतो. तिच्या हातात फोन, फोनच्या पाठीमागच्या कॅमेऱ्यावर माझं बोट, आणि शेजारचा बारका दिवा पेटल्यामुळे बोटाचं टोक लालभडक दिसत होतं. दाबलं की बोटातलं रक्त थांबतं आणि फोनला ठोके मोजता येत नाहीत, हे तिनेच मला आधी समजावून सांगितलं होतं. मी सारंग माणूस, लाँच चालवणारा. खडक कुठे आहे ते एकदा कळलं की त्याला वळसा कसा घालायचा, ते मला कुणी शिकवावं लागत नाही.

फोनने तिन्ही वेळा ‘नोंद आली नाही’ असं दाखवलं. मैथिलीने कंटाळून फोन माझ्याच हातात दिला. म्हणाली, तुम्ही निवांत असाल तेव्हा घ्या. रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, एकेक मिनिट, चौदा दिवस. नोंद आपोआप माझ्याकडे येईल.

मैथिली ही भाऊ रेडकरांची मुलगी. भाऊ म्हणजे ‘सातेरी’ लाँचचे मालक. कातळीपासून पलीकडच्या रेवसवाडीपर्यंत खाडी ओलांडायला वीस मिनिटं लागायची, आणि ती लाँच सोळा वर्षं मी चालवत होतो. मैथिली डॉक्टर होऊन गावात परत आली, दवाखाना थाटला, आणि त्या वर्षी तिने दोन्ही काठांवरच्या पंचावन्नच्या पुढच्या माणसांची तपासणी काढली. हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडत असले तरी माणसाला कित्येकदा कळत नाही, पण बोटातल्या रक्तावरून फोनला कळतं, असं तिचं म्हणणं. ठोके बिघडले की आत रक्ताची गुठळी धरते, आणि ती मेंदूत गेली की अर्धांग. वेळेत समजलं तर गोळ्यांवर भागतं. गाव तिचं कौतुक करत होतं. मला मात्र यात वेगळाच वास येत होता.

कारण तिचा नवरा सुहास. जहाजावरची नोकरी सोडून तो दोन महिन्यांपूर्वी सासऱ्याच्या घरी येऊन राहिला होता. लाँच चालवायच्या परवान्याची सगळी कागदपत्रं त्याच्या खिशात तयार. धक्क्यावर उभा राहून तो माझी लाँच लागताना बघायचा आणि भाऊंना काहीतरी सांगायचा. घंटा काढून टाकू, वरूनच इंजिन चालवायचा दांडा बसवू, असलं काहीतरी. आता जावई व्हीलवर बसायचा तर आधी सारंग उतरायला हवा. तो भांडून उतरला तर गाव मालकाला नावं ठेवणार. पण मुलगीच डॉक्टर असेल आणि सारंगाच्या हृदयात बिघाड निघाला, तर सापही मरतो आणि काठीही मोडत नाही. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला खाली बसवायला याहून चांगली युक्ती नव्हती.

आणि खरं सांगायचं तर चोराच्या मनात चांदणं होतंच. त्या शिमग्यात एका दुपारी व्हील धरून उभा असताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. पाच-सहा सेकंदच, पण आली होती. ती गोष्ट फक्त जनूला ठाऊक होती.

जनू म्हणजे जनार्दन तारी, आमचा इंजिन ड्रायव्हर. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, त्यामुळे मैथिलीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. मी वर व्हीलवर, तो खाली इंजिनाच्या खोलीत. वरून दोरी ओढली की खाली घंटा वाजायची. एक ठोका म्हणजे पुढे, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे मागे. खाली त्याला पाणी दिसत नसे, धक्का दिसत नसे, मी दिसत नसे. मी तीन वाजवले की तो इंजिनाचा दांडा ओढायचा आणि लाँच मागे रेटायची, मग पुढे मोकळा समुद्र असो की दगडी भिंत. सोळा वर्षांत त्याने एकदाही वर डोकं काढून का म्हणून विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या फेरीआधी मी फोन घेऊन खाली उतरलो आणि त्याला सगळं सांगितलं. तो कापसाच्या बोळ्याने हात पुसत ऐकत होता.

“मगे माझा बोट घे,” तो म्हणाला. “माका काय धाड भरली हा?”

“कोणाक कळला तर?”

“बोटावर नाव लिवलेला असता काय?”

त्याचं बोट तेलाने काळं झालेलं. ते रॉकेलने पुसलं, मग साबणाने धुतलं, आणि फोनवर ठेवलं. एक मिनिट झाल्यावर ‘नोंद पाठवली’ एवढंच आलं. बरं की वाईट, काही नाही. संध्याकाळी पुन्हा तेच. पुढे तो आमचा नेमच झाला. जनू बोट ठेवताना गणपतीपुढे बसल्यासारखा डोळे मिटून बसायचा आणि मिनिट संपलं की विचारायचा, “सारंगानु, पास झालास काय?” आम्ही दोघेही हसायचो.

सहाव्या दिवशी दुपारी मैथिली स्वतः धक्क्यावर आली. तिच्या मागे भाऊ, आणि भाऊंच्या मागे सुहास. तिघांना एकदम बघितलं आणि मी मनात म्हटलं, आली वरात.

मैथिलीने मला बाजूला घेतलं. दवाखान्यातलं काही सांगायचं असलं की ती मालवणी सोडून शहरातली मराठी बोलायची. तशाच मराठीत तिने सांगितलं की तुमच्या बहुतेक सगळ्या नोंदींमध्ये ठोके अनियमित आहेत. फोनवर विसंबून काही ठरवता येत नाही, उद्या सकाळी दवाखान्यात या, ईसीजी काढू. तोवर लाँच चालवू नका.

“आणि लाँच?” मी विचारलं.

“चेडू सांगता तर आयक, मधू,” भाऊ म्हणाले. “दोन दिस घरी रव. सुहास बघतलो.”

मला राग आला, पण त्याहून जास्त आनंद झाला, हे आता लपवण्यात अर्थ नाही. माझा संशय खरा ठरला होता, आणि पुरावा माझ्या हातात होता. ज्या नोंदींवरून ते मला आजारी ठरवत होते, त्यात माझा एक ठोकासुद्धा नव्हता. बैलासारख्या धडधाकट जनूच्या बोटावरून माझा आजार निघाला होता. म्हणजे फोन त्यांना हवं तेच सांगत होता, किंवा फोन काहीच सांगत नव्हता आणि सांगत होती ती मैथिली. गोची एवढीच होती की हा पुरावा दाखवायचा तर आधी स्वतःची लबाडी दाखवावी लागणार होती.

मी लाँचवर परत गेलोच नाही, बाकावर बसून राहिलो. घरी जाणं शक्य नव्हतं. सुहास माझ्या लाँचवर माझ्या जागी उभा होता, आणि मला ते बघायचं होतं.

साडेतीनची फेरी रेवसवाडीहून परत आली. धक्का जवळ आला तशी घंटा ऐकू आली, दोन ठोके आणि पाठोपाठ तीन. जागा बरोबर होती, मीही मनात तिथेच तीन मोजले असते. पण लाँच मागे रेटलीच नाही. पुढे येतच राहिली आणि धक्क्याला लावलेल्या टायरांवर अशी आदळली की उभ्या बायका एकमेकींवर पडल्या. मग कुठे पाणी मागे उसळलं. माशांची एक टोपली पाण्यात गेली आणि तिच्या मालकिणीने सुहासच्या सात पिढ्या काढल्या. मी बाकावर बसून ऐकत होतो आणि मला बरं वाटत होतं.

सुहास उतरून थेट माझ्याकडे आला. “काका, मी वेळेवर तीन दिले होते. खालून उत्तर उशिरा येतंय. तुम्हाला कधी जाणवलं नाही?”

नाचता येईना अंगण वाकडं, असं मी त्याच्या तोंडावर म्हटलं. तो निघून गेला.

पण त्याचं ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं, आणि संशयी माणसाच्या डोक्यात काटा एका जागी राहत नाही. खालून उत्तर उशिरा. खाली कोण, तर जनू. बोट कुणाचं, तर जनूचं. माझी अंधारी ठाऊक कुणाला, तर जनूला. तासाभरात मी सगळी गाठ मारून मोकळा झालो. जनू त्यांना फितूर झाला होता. दांडा बसल्यावरही खाली जागा राहील, असं भाऊंनी त्याला कबूल केलं असणार, आणि त्याने बोट ठेवताना मुद्दाम हलवलं असणार. आज उशीर केला तो मला खूश ठेवायला.

शेवटची फेरी लागल्यावर मी इंजिनाच्या खोलीत उतरलो. जनू लाकडी पेटीवर बसला होता, घामाने चिंब. खाली गरम असतंच, त्यामुळे त्याचं मला काही वाटलं नाही. मी उभ्या उभ्याच विचारलं, “भाऊन तुका काय कबूल केल्यान?”

त्याला आधी समजलंच नाही. मी सगळं बोललो, बोट हलवल्याचंही. ऐकताना त्याचा चेहरा पडत गेला.

“मधू,” तो म्हणाला, “सोळा वर्सा तुझा त्वांड न बघता तुझी घंटा मानत इलंय. आणि तू माका ह्या विचारतस?”

मग त्याने उजवं बोट पुढे केलं. “घे. आता घे. तुझ्या डोळ्यांदेखत.”

मी फोन काढला नाही. मला वाटलं, आता तो नीट धरेल आणि मला खोटं पाडेल. मी वर निघून आलो. त्या संध्याकाळी त्याला तसाच मैथिलीकडे घेऊन गेलो असतो तरी पुरलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैथिलीच्या दवाखान्यात मी छाती उघडी करून पडलो. तिने तारा लावल्या, कागद सरसर बाहेर आला. तिने तो एकदा बघितला, परत पहिल्यापासून बघितला, मग पुन्हा तारा लावून दुसरा काढला. दोन्ही स्वच्छ. सगळे ठोके सारख्या अंतरावर, आखून काढल्यासारखे. शिमग्यातल्या अंधारीचंही तिने विचारून घेतलं, कारण घाबरून मीच ते बोलून गेलो. त्या दिवशी उपवास होता ना, असं तिने विचारलं. होता.

मला वाटलं होतं, ती आता गडबडेल. पण ती खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली आणि मालवणीत म्हणाली, “मधूकाका, फोनावर बोट कोणाचा होता?”

“माझाच.”

“बघा, मी रागावूचंय नाय. बाबांका सांगूचंय नाय. पण ता बोट दुसऱ्या कोणाचा असात, तर त्या माणसाक आजच्या आज गोळी सुरू करूक व्हयी. तो माणूस धोक्यात हा.”

ती मला विनवत होती. तिचे डोळे आजही आठवतात. पण तेव्हा मला त्यात गळाला लावलेलं आमिषच दिसलं. मी हो म्हटलं असतं की फसवणूक सिद्ध, सारंगाची नोकरी गेली आणि जावई व्हीलवर. ईसीजीने हाणून पाडलेला डाव ती गोड बोलून परत जिंकू बघत होती.

“माझाच होता,” मी म्हटलं. “तुझो फोन खोटो.”

भाऊंना दुसरा इलाज नव्हता. दुपारच्या पहिल्या फेरीला मी पुन्हा व्हीलवर उभा होतो. सुहासने स्वतः बाजूला होऊन जागा दिली. मला जग जिंकल्यासारखं वाटत होतं. जनूशी मात्र मी बोललो नाही. तोही बोलला नाही. एक ठोका दिला, लाँच निघाली.

रेवसवाडीला लागताना मी तीन दिले आणि लाँच अलगद टायरांना टेकली. सुहासला जमलं नाही ते मला जमलं, असा विचार मनात आला आणि मी हसलो. मग ते हसू तसंच राहिलं. कारण मी धक्क्याकडे बघितलं, आणि मी घंटा कुठे वाजवली होती ते मला आठवलं. पूर्वी मी काठावरच्या बुरुजाच्या कोपऱ्याशी तीन द्यायचो. आज मी ते माडाच्या रांगेशीच दिले होते, दोन लांब श्वास आधी. आणि आजच नव्हे. पावसाळ्यानंतर लाँच सुरू झाली तेव्हापासून मी रोज थोडं थोडं आधी वाजवत आलो होतो. खालून उत्तर उशिरा येतं म्हणून माझा हात आपोआप आधी जाऊ लागला होता, आणि माझ्या डोक्याला त्याचा पत्ता नव्हता. आदल्या दिवशी सुहासने घंटा योग्य जागी वाजवली होती, म्हणून तो आदळला.

जनू हळू झाला होता. दांड्यापाशी पोचायला त्याला दम लागत होता. पेटीवर घामाने चिंब बसलेला जनू मला आता दिसला. मैथिलीचं वाक्य परत ऐकू आलं, आणि या वेळी त्यात मला आमिष सापडेना. शोधलं, तरी सापडेना.

उतारू चढत होते. मी ठरवलं, कातळीला लागलो की पहिलं त्याला घेऊन दवाखान्यात जायचं. काय व्हायचं ते होवो, बोट कुणाचं ते सांगून टाकायचं. वीस मिनिटांचाच प्रश्न होता. मी घड्याळ बघितलं, तीन वाजून वीस मिनिटं. एक ठोका दिला. लाँच निघाली.

कातळीच्या धक्क्याच्या बऱ्याच अलीकडे मी दोन दिले, मग तीन दिले. त्याला वेळ मिळावा म्हणून आणखीच आधी दिले होते. उत्तर आलं नाही. पुन्हा तीन. पुन्हा तीन. इंजिन पुढेच रेटत होतं. मी व्हील पूर्ण फिरवलं, लाँच धक्क्याला घासत पुढे गेली आणि रेतीत रुतून थांबली. मी जिन्यावरून खाली उडी घेतली.

जनू पेटीला टेकून जमिनीवर बसला होता. तोंड एका बाजूला ओघळलेलं. डावा हात दांड्यावर, तो मागे ओढायचा प्रयत्न चाललेला. उजवा हात मांडीवर पडला होता. तो माझ्याकडे बघत होता आणि काहीतरी सांगत होता, पण शब्द होत नव्हते. मला वाटतं तो म्हणत होता की घंटा ऐकली.

मैथिली धावत आली तेव्हा मी सगळ्यांसमोर, भाऊंसमोर, सुहाससमोर सांगितलं, “बोट ह्याचा होता. सगळ्या दिवसांचा ह्याचाच.”

ती रागावली नाही. तिने एवढंच विचारलं की हे कधी झालं, नक्की किती वाजता तो शेवटचा बरा होता. ते मला सांगता आलं. तीन वीसच्या घंटेला त्याने उत्तर दिलं होतं. तीन पस्तीसच्या दिलं नाही. तिने ते स्वतःच्या तळहातावर पेनाने लिहिलं. सुहासने गाडी काढली आणि गोव्याच्या मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत एकदाही थांबवली नाही. गुठळी विरघळवायचं औषध ठरावीक तासांतच देता येतं, आणि आम्ही त्या तासांत पोचलो होतो. जनू वाचला. बोलणंही हळूहळू परत आलं. उजवा हात आला नाही.

नंतर मैथिलीने सांगितलं की आदल्या संध्याकाळी गोळी सुरू झाली असती तरी हे टळलंच असतं असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. ती चांगली मुलगी आहे, म्हणून तसं म्हणाली. मी त्याच आठवड्यात लाँचच्या किल्ल्या भाऊंना नेऊन दिल्या. त्यांनी मला जा म्हटलं नाही आणि राहाही म्हटलं नाही. आता सुहास लाँच चालवतो, वरूनच, दांड्याने. खाली कुणी बसत नाही. घंटा त्याने मला आणून दिली. मी ती घरात टांगलेली नाही, माळ्यावर ठेवली आहे.

याला आठ वर्षं झाली. सकाळी चहा झाला की मी जनूच्या घरी जातो. तो पडवीत बसलेला असतो. मी त्याचा उजवा हात माझ्या मांडीवर घेतो, मूठ उघडतो आणि बोट कॅमेऱ्यावर टेकवतो. दाबत नाही. त्या बोटाला माझा स्पर्श कळत नाही, पण फोनला त्यातलं रक्त कळतं. मिनिट संपलं की जनू जड जिभेने विचारतो, “सारंगानु, मी पास झालंय?” आणि मी हो म्हणतो.

नोंद मैथिलीकडे जाते. बोट कोणाचं, हे तिने मला पुन्हा कधीही विचारलेलं नाही. तरी मी प्रत्येक नोंदीखाली रोज लिहितो: बोट जनार्दन तारीचं.